थांबलो तर घर कसं चालेल? मुद्दाम घेतलेल्या सुट्टीचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचं घड्याळ ठरलेलं असतं. बोरिवलीहून चर्चगेटची गाडी, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी, अंधेरीला उतरून रिक्षाची रांग. पोरांची शाळा, मग मकतब, मग ट्यूशन. दुकान असेल तर शटर खाली ओढेपर्यंत रात्रीचे साडेदहा. रविवार आला तरी तो साठलेली कामं, बँकेचे कागद, एखाद्या लग्नाची दावत यातच संपतो. घरातल्या कर्त्या माणसाला विचारा, "थोडी सुट्टी का घेत नाही?" उत्तर तयार असतं: "थांबलो तर घर कसं चालेल?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ज्याचं पोट रोजच्या कमाईवर आहे त्याला "आराम करा" असं सांगणं सोपं असतं, पाळणं अवघड. पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. वर्षानुवर्षं न थांबता काम करणाऱ्या माणसाला नवीन काही सुचणं हळूहळू बंद होतं. तेच गिऱ्हाईक, तोच माल, तीच भांडणं आणि त्यांवर तेच जुने उपाय. आणि घरात किंवा दुकानात दुसरं कुणी जबाबदारी घ्यायला तयारच होत नाही, कारण तशी वेळच कधी आलेली नसते.

म्हणून या लेखात आपण पाहू, की ठरवून, तयारी करून घेतलेली सुट्टी माणसाच्या डोक्याला आणि त्याच्या नेतृत्वाला काय देते. उदाहरणं शक्यतो आपल्याच शहरातली घेऊ.

रविवार आपल्याला कुणी दिला?

आज रविवारची सुट्टी आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये ती नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रं चालत आणि माणसंही. गिरणीला खाडा कधी, तर सणावाराला किंवा यंत्र साफ करायचं असेल तेव्हा.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं एक निवेदन तयार झालं. त्यात आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. मागण्या इतक्या साध्या होत्या, तरी त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

या लढ्याचा फायदा सगळ्या जातीधर्मांच्या कामगारांना झाला. मदनपुऱ्यात येऊन वसलेले मोमीन विणकरही याच गिरणगावाचा भाग होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोखंड्यांनी कामगारांना "तुम्ही आपापली सुट्टी काढा" असं सांगितलं नाही. एकट्याने सुट्टी घेतली असती तर त्याची जागा दुसऱ्याने घेतली असती. सगळ्यांनी मिळून मागितली म्हणून ती मिळाली. आजही साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये किंवा एखाद्या बेकरीत काम करणाऱ्या माणसाला एकट्याने थांबणं परवडत नाही. पण चार जणांनी आपसात ठरवलं तर वाट निघते. त्यावर पुढे बोलू.

थांबल्यावर डोक्यात काय घडतं?

तुम्ही अनुभवलं असेल. एखादं नाव आठवत नाही, तासभर डोकं खाजवलं तरी आठवत नाही. विषय सोडून वुजू करायला बसता किंवा भाजी निवडायला घेता, आणि नाव आपोआप जिभेवर येतं. असं का होतं?

ब्रिटिश लेखक ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली नवीन कल्पना सुचण्याचे चार टप्पे मांडले. पहिला तयारीचा: प्रश्न समजून घ्यायचा, माहिती गोळा करायची, प्रयत्न करून पाहायचे. दुसरा मुरण्याचा: प्रश्न बाजूला ठेवायचा. तिसरा सुचण्याचा, आणि चौथा पडताळणीचा: सुचलेलं खरंच टिकतं का ते तपासायचं. लोणच्याचं उदाहरण घ्या. कैरी चिरून, मसाला कालवून बरणी भरली की ती काही दिवस तशीच ठेवावी लागते. रोज झाकण काढून ढवळत बसलं तर लोणचं लवकर मुरत नाही. पण बरणीत कैरीच घातली नसेल, तर महिनाभर ठेवूनही काही मिळणार नाही.

हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये दोन संशोधकांनी या विषयावरचे ११७ प्रयोग एकत्र करून तपासले. त्यांना आढळलं, की प्रश्न काही काळ बाजूला ठेवल्याचा फायदा होतो, आणि आधी तयारी जास्त वेळ केली असेल तर तो फायदा वाढतो. म्हणजे सुट्टी मेहनतीची जागा घेत नाही. ती मेहनतीनंतरची पायरी आहे.

दुसरं कारण असं, की एकाच वाटेने फार वेळ विचार केला की डोकं त्याच वाटेला चिकटून बसतं. दुकानाचा खप कमी झाला की आपण दर वेळी "भाव कमी करू" इतकंच म्हणतो. जागा बदलली, माणसं बदलली, हातातलं काम बदललं की ती पकड सैल होते आणि बाजूची वाट दिसते.

तिसरी गोष्ट चालण्याची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बसलेली आणि चालणारी माणसं यांची तुलना केली. चालताना लोकांना सुचलेल्या नव्या कल्पना सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होत्या. मात्र ज्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असतं, अशा प्रश्नांना चालण्याचा तसा फायदा झाला नाही. हिशेब तपासायला टेबलावरच बसावं लागतं. नवा धंदा कोणता करावा, हे चालताना सुचू शकतं.

चौथा टप्पा, पडताळणी, विसरून चालत नाही. इतिहासकार इब्न खल्दून यांनी दरबारी राजकारणातून बाजूला होऊन १३७५ पासून काही वर्षं आजच्या अल्जिरियातल्या एका आडबाजूच्या किल्ल्यात काढली. तिथे १३७७ साली पाच महिन्यांत 'मुकद्दिमा'चा पहिला खर्डा लिहून झाला. समाज आणि राज्यं कशी वाढतात, कशी ढासळतात, याचा तो मूलभूत ग्रंथ मानला जातो. पण पुढचं काम त्या किल्ल्यात होईना. संदर्भ तपासायला पुस्तकं हवी होती. मग ते ट्युनिसला, शहरात, ग्रंथालयांजवळ परतले. एकांतात सुचलं आणि शहरात येऊन पक्कं झालं. दोन्ही लागतं.

नोकरी गेली आणि सुगरणीचं घरटं दिसलं

आता आपल्या मुंबईचं उदाहरण. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली हे नाव आपल्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. १८९६ मध्ये मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी ते वाढले. तरुणपणी कुटुंबाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात जाऊन आले. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना गाइड लेक्चररची नोकरी लागली. लोकांना प्राणी-पक्ष्यांच्या दालनाची माहिती द्यायची, असं ते काम.

दोन वर्षांत त्यांना त्या कामाचा कंटाळा येऊ लागला. १९२८ मध्ये त्यांनी अभ्यासासाठी रजा घेतली आणि जर्मनीत, बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षीतज्ज्ञाच्या हाताखाली शिकायला गेले. ही त्यांची ठरवून घेतलेली सुट्टी. तिचं मोल मोठं होतं. पक्ष्याला फक्त मारून, भुसा भरून कपाटात ठेवण्याऐवजी जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहण्याची नजर त्यांना तिथे आली.

१९३० मध्ये परतले तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. ही दुसरी सुट्टी त्यांनी मागितलेली नव्हती. बेकारी आणि सुट्टी यांत फरक आहे आणि तो आपण पुसू नये. घरी बसावं लागलेल्या माणसाची घालमेल कोणत्याही उपदेशाने कमी होत नाही. सालिम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना मुंबई सोडून समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला गेले.

तिथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांच्या नजरेच्या टप्प्यात होती. हातात वेळ होता आणि डोळ्यांत बर्लिनची शिस्त. दिवसचे दिवस त्यांनी घरट्यांवर नजर ठेवली आणि नोंदी केल्या. मराठीत आपण 'सुगरण' म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. तो अर्धं घरटं बांधून थांबतो. मादी येते, आत-बाहेर फिरून तपासते. तिला पसंत पडलं तर ती घरटं ताब्यात घेते, आणि मगच नर ते पूर्ण करतो. तिने अंडी घातली की हा नर त्याच झाडावर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकापाठोपाठ एक संसार मांडण्याची ही पद्धत सालिम अलींनी तपशिलात नोंदवली. १९३१ साली तो अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक म्हणून त्यांची ओळख तिथून पक्की झाली.

नोकरी टिकली असती तर कदाचित हे काम झालंच नसतं. म्युझियमच्या दालनात सुगरणीचं घरटं कपाटात टांगलेलं असतं. ते विणलं जाताना बघायला किहीमलाच जावं लागतं. पण फक्त किहीमला जाऊनही भागलं नसतं. त्या गावातल्या लोकांनी ती घरटी रोजच पाहिली होती. सालिम अलींकडे आधीची तयारी होती, म्हणून त्यांना त्यात प्रश्न दिसला.

पुढे त्यांनी हैदराबादसह अनेक संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि ते घराघरांत गेलं. पुढच्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची धुरा त्यांनी वाहिली, पक्षीनिरीक्षकांच्या पिढ्या घडवल्या. भरतपूरच्या पाणथळ जागेचं रक्षण असो वा केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल, त्यांच्या शब्दाला वजन होतं. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. हे नेतृत्व खुर्चीतून आलेलं नव्हतं. ते झाडाखाली बसून, गप्प राहून पाहण्यातून आलं होतं.

नेता बाजूला झाला की मागे काय होतं?

नेतृत्वाची गोष्ट निघालीच आहे, तर अंधेरीच्या शेजारच्या जुहूची एक आठवण सांगायला हवी. १९२२ पासून येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली आणि ताकद भरून यावी म्हणून ते जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले.

ते आत असताना देश थांबला नव्हता. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांनी स्वराज पक्ष काढून कायदेमंडळांत प्रवेश केला होता. गांधीजींना ही वाट पटत नव्हती. दोघे जुहूला येऊन त्यांना भेटले, बराच खल झाला, मे महिन्यात मतभेद उघड करणारी निवेदनंही निघाली. पण वर्ष संपता संपता गांधीजींनी स्वराज पक्षाशी जुळवून घेतलं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तिथे त्या समझोत्यावर शिक्कामोर्तब झालं. पुढे १९२६ चं बहुतेक वर्ष त्यांनी दौरे बंद ठेवून साबरमती आश्रमातच काढायचं ठरवलं. आठवड्याला एक दिवस, सोमवारी, ते मौन पाळत हे तर प्रसिद्धच आहे.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, आपण नसताना मागचे लोक आपापले निर्णय घेतात आणि ते नेहमी आपल्या मनासारखे नसतात. दुसरी, परत आल्यावर ते सगळे निर्णय मोडून टाकायचे, की त्यांत तथ्य आहे का ते ऐकायचं, इथे नेत्याची खरी परीक्षा होते.

आपल्या मोहल्ल्यातही हेच चालतं. मशिदीची कमिटी, शाळेचा ट्रस्ट, सोसायटी, बचत गट. बऱ्याच ठिकाणी एकच भाई किंवा एकच आपा वीस वर्षं सगळं सांभाळत असतात. नियत चांगली, मेहनत प्रामाणिक. पण त्या आजारी पडल्या की पावतीपुस्तक कुठे आहे हेसुद्धा कुणाला माहीत नसतं. अशा माणसाने वर्षातून पंधरा दिवस पूर्ण बाजूला व्हावं. मागच्यांनी चुका केल्या तरी चालतील. त्या पंधरा दिवसांत कोण पुढे येतो हे कळतं, आणि कोणतं काम फक्त आपल्या डोक्यात आहे, कागदावर नाही, हेही कळतं.

आपल्या परंपरेत थांबणं नवीन नाही

इबादतीचा हेतू अल्लाहची रजा हाच आहे. ती काम वाढवण्याचं साधन म्हणून पाहणं योग्य ठरणार नाही. तरीही आपल्या दिनक्रमात थांबण्याच्या जागा किती विचाराने ठेवलेल्या आहेत हे पाहण्यासारखं आहे. दिवसात पाच वेळा हातातलं काम बाजूला ठेवायचं. जुम्म्याची अजान झाली की व्यवहार थांबवायचा आणि नमाजनंतर पुन्हा कामाला लागायला मुभा आहे. म्हणजे पूर्ण दिवस बंद नाही, पण ठरलेल्या वेळी ठामपणे थांबणं आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला एतिकाफ तर घर, बाजार, गप्पा सगळ्यांपासून दूर होणं आहे. प्रेषित मुहम्मद (स.) नुबुव्वतच्या आधी हिराच्या गुहेत एकांतात जात असत, हे आपल्या घरातलं लहान मूलही सांगेल.

इमाम गझालींचं उदाहरणही बोलकं आहे. बगदादच्या निजामिया मदरशात ते सर्वांत नामवंत शिक्षक होते. १०९५ साली मनाची अशी अवस्था झाली की शिकवायला उभं राहिल्यावर तोंडून शब्द फुटेना. त्यांनी ते पद सोडलं. दमास्कस, जेरुसलेम, मक्का असा प्रवास झाला, एकांतवास झाला. 'इह्या उलूम अद-दीन' हा त्यांचा मोठा ग्रंथ याच काळातला. ११०६ च्या सुमारास ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले.

यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. जाण्याआधी त्यांनी मुलाबाळांच्या खर्चाची तजवीज केली होती, आणि मदरशात त्यांच्या जागी त्यांचे भाऊ अहमद शिकवू लागले. घर आणि जबाबदारी वाऱ्यावर सोडून ते गेले नाहीत. एतिकाफला बसणाऱ्यांनाही आपल्याकडे थोरली माणसं हेच सांगतात: आधी घरची सोय लाव, देणी दे, मग बस.

घरात सुट्टी नेमकी कुणाला मिळते?

आता थोडं अवघड बोलू. रविवारी घरातले पुरुष उशिरा उठतात, मुलं मोबाइल घेऊन लोळतात, आणि स्वयंपाकघरात त्याच दिवशी सगळ्यात जास्त काम असतं. बिर्याणी, पाहुणे, आठवड्याचं धुणं. सगळ्या घराची सुट्टी एका बाईच्या कामावर उभी असते.

सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तासांची ही रोजची ड्युटी आहे आणि तिला साप्ताहिक सुट्टी नाही. गिरणीतल्या कामगाराला १८९० मध्ये जी मिळाली, ती आपल्या अम्मीला अजून मिळालेली नाही.

सुचणं, शिकणं, पुढाकार घेणं हे सगळं बायकांच्याही वाट्याला यायला हवं असेल, तर सुरुवात इथून करावी लागेल. कुणाला शिवणाचा छोटा धंदा वाढवायचा असतो, कुणाला राहिलेली बीए पूर्ण करायची असते. हे विचार भांडी घासताना मनात येतात, पण त्यांना बसून आकार द्यायला सलग दोन तास मिळत नाहीत.

मुलांचंही तसंच. दहावीचं वर्ष म्हटलं की आपण पोरांचा एकही तास मोकळा ठेवत नाही. मग मुलगा पाठांतरात हुशार होतो आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून विचारला की गोंधळतो. आठवड्यातली एक दुपार अशी हवी की तिच्यावर कोणाचाही क्लास नाही. "बोअर होतंय" म्हणाला तर म्हणू द्या. थोड्या वेळाने तो स्वतःहून काहीतरी शोधून काढतो, जुना रेडिओ उघडतो किंवा चित्र काढतो. हातात लगेच मोबाइल दिला की हा शोधच थांबतो. मोबाइल पाहणं म्हणजे डोक्याची सुट्टी नव्हे. तिथेही डोकं सतत काहीतरी आत घेतच असतं, मुरायला जागाच मिळत नाही.

मग करायचं काय?

मोठा खर्च नाही, मोठा प्रवास नाही. उपनगरातल्या कुटुंबाला जमतील अशा काही गोष्टी.

१. तारीख आधी ठरवा. "वेळ मिळाला की जाऊ" म्हटलं की वेळ मिळत नाही. महिन्यातला एक अर्धा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा, जशी लग्नाची तारीख ठेवतो तशी.

२. प्रश्न बरोबर घ्या, काम नको. जाण्याआधी एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहा: मुलीला अकरावीला कोणती शाखा घ्यावी, दुकानात नवा माल कोणता ठेवावा. चिठ्ठी खिशात ठेवून विषय सोडून द्या. परतल्यावर काय सुचलं ते लिहा, आणि जाणत्या माणसाला विचारून तपासा.

३. आळीपाळी लावा. शेजारच्या दोन दुकानदारांनी आपसात ठरवलं तर महिन्यातून एकेक दुपार दोघांनाही मिळते. एक जण दोन्ही गल्ल्यांवर लक्ष ठेवतो. रोजंदारीवरच्या चार कारागिरांनी मिळून मालकाशी बोलणी केली तर एकट्याने केलेल्या मागणीपेक्षा ती जास्त ऐकली जाते.

४. जागा बदला. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एवढं जंगल महानगराच्या पोटात असणं हे आपलं नशीबच. आत कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. वर्षभर फिरस्तीवर असणारे बौद्ध भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, त्या वर्षावासाची ही जागा. थांबण्यासाठीच डोंगर कोरलेला! सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. गोरेगावला फिल्म सिटीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मुलुंडकरांना मागचा डोंगर आहे, अंधेरीकरांना समुद्र. पावसाळ्यात पाणथळ जागी ताडाला किंवा बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी दिसली तर मुलांना थांबवून दाखवा, कोण विणतंय ते त्यांनाच शोधू द्या.

५. चाव्या द्या. दुकानाची, कमिटीची, घराची. वर्षातून काही दिवस मुलाला, सुनेला, धाकट्या भावाला सगळं सांभाळू द्या. दर तासाला फोन करू नका. परतल्यावर पहिलं वाक्य "हे असं का केलं?" असू नये. "काय नवीन दिसलं?" असं विचारा.

६. अम्मीची सुट्टी अम्मीला विचारून ठरवा. तिला बागेत नेऊन तिथे तिच्याकडूनच डबे वाटून घेतले तर ती सुट्टी झाली नाही. कधी तिला माहेरी जायचं असेल, कधी नुसतं घरात एकटं बसायचं असेल. त्या दिवशीचा स्वयंपाक अब्बा आणि पोरांनी करावा, खिचडी झाली तरी हरकत नाही.

आणखी एक सूचना. झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, चिडचिड आठवडेच्या आठवडे जात नाही, असं असेल तर एका सहलीने ते बरं होणार नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका.

थांबलो तर घर कसं चालेल?

सुरुवातीच्या या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. अचानक थांबलो तर घर अडखळेल. तयारी करून थांबलो तर घर दुसऱ्यांच्या हातांनी चालेल, आणि ते हात तयार होतील. लोखंड्यांनी सगळ्यांना सोबत घेऊन सुट्टी मिळवली. गझालींनी सोय लावून घर सोडलं. सालिम अलींना सुट्टी नशिबाने दिली, पण सोबत नेलेली नजर त्यांच्या कष्टाची होती.

तेव्हा पुढचा रविवार यायच्या आत घरातल्या सगळ्यांनी दस्तरखानावर बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. कोण कधी थांबणार, त्याचं काम त्या वेळी कोण करणार, आणि परत आल्यावर त्याचं ऐकायला सगळे कधी बसणार. यातली दुसरी गोष्ट ठरली, की पहिली आपोआप शक्य होते.